पुट्टीच्या कपकेकचा घास

१

कपकेकवर बारा दात उमटले होते, सहा वरचे, सहा खालचे, आणि मधला घास गायब होता.

आता कपकेक कुणी चावला तर आकाश कोसळायचं कारण नाही. कपकेक असतोच त्यासाठी. पण हा तसा नव्हता. याचं बूड थर्माकोलचं, वरची क्रीम म्हणजे भिंतीच्या भेगा बुजवायची पुट्टी, चेरी मातीची आणि चेरीवरून ओघळलेला पाक रेझिनचा. लोकांनी स्वयंपाकघरातल्या फळीवर शोभेला ठेवायची ही वस्तू. आणि ती सापडली मंगळवारी दुपारी चार वाजता एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या हातात, त्याच्या ओठांना पांढरं फासलेलं असताना.

म्हाताऱ्याला सांभाळायला येणाऱ्या मावशींनी ते पाहिलं आणि बोंब ठोकली. मुलगा आणि सून नुकतेच भेटायला आले होते, त्यांनी उचलून गाडीत घातलं. इस्पितळात घशात नळी घालून पाहिलं, छातीचा नि पोटाचा फोटो काढला. कुठे काही नाही. बुधवारी सकाळी घरी सोडलं. सोडताना डॉक्टर मुलीला बाजूला घेऊन म्हणाले, "खरं काय नि खोटं काय हे ज्यांना कळेनासं झालंय, त्यांना असल्या घरात ठेवता येणार नाही. एकतर हे सगळं हलवा, नाहीतर त्यांना."

असलं घर म्हणजे कसं, ते सांगायला हवं. या मुलीला सगळी गल्ली केकवाली म्हणते, आणि गंमत अशी की तिला साधी बिस्किटं भाजता येत नाहीत. पण तिच्या बैठकीत पाऊल टाकलं की कुणाच्याही तोंडाला पाणी सुटावं. फळ्यांवर डोनट, पेस्ट्र्या, विरघळायच्या बेतात आलेली आइस्क्रीमं. पुट्टी पिशवीत भरून नोझलने अशी पिळायची की क्रीमच वाटावी, तपकिरी खडूची भुकटी कडेला चोळून भाजल्याचा रंग आणायचा, आणि एक कड मुद्दाम जरा जास्त भाजायची. एवढं झालं की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे जातो. वीस वर्षं तिने याच्यावर घर चालवलं, नाव कमावलं.

आणि वीस वर्षं एक नियम पाळला. चिकटवल्याशिवाय माल कामाच्या खोलीबाहेर काढायचा नाही. डोनट ताटलीला चिकटवायचा, कपकेक बशीला चिकटवायचा, आणि बशी फळीला. कारण सुरुवातीला एका गिऱ्हाइकाच्या पाहुण्याने डोनट उचलून थेट तोंडाशी नेला होता. तेव्हापासून तिच्या घरातली कुठलीही मिठाई कुणाला उचलता येत नाही.

मग हा सुटा कपकेक म्हाताऱ्याच्या, म्हणजे तिच्या अण्णांच्या, हातात आला कसा?

बुधवारी दुपारी केकवालीने हाच प्रश्न कवळीकाकांना विचारला. विचारला म्हणजे काय, त्यांच्यासमोर तो कपकेक ठेवला आणि रडायला लागली.

"काका, मी खोलीला कुलूप लावायला विसरले असणार. माझ्याच हाताने त्यांचा जीव गेला असता. रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. सगळं देऊन टाकणार आहे. साचे, रंग, सगळं."

"आणि खाणार काय?"

"बघेन. अण्णांना मी कुठेही पाठवणार नाही. आता चोवीस तास त्यांच्याजवळच बसणार."

काकांनी कपकेक उचलला, उजेडात धरला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

२

कवळीकाका म्हणजे अण्णांचे चाळीस वर्षांचे दोस्त. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणं हा त्यांचा धंदा. मेण, प्लॅस्टर आणि खोटे दात यांत त्यांचा जन्म गेला. माणूस तिरसट. समोरचा बोलत असला की ते त्याच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, दातांकडे बघतात. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना बायका पदर तोंडाला लावतात आणि पुरुष हसायचं टाळतात. पण केकवालीवर त्यांचा जीव. ती पोर असल्यापासून त्यांच्या दुकानात बसून उरलेल्या मेणाची फळं करायची.

"हे कपकेक कधी केलेस?" काकांनी विचारलं.

"सोमवारी सकाळी. दहाला पिळायला घेतले, अकरापर्यंत ट्रे भरला."

"आणि वाळतात कधी?"

"दोन तासांत साय धरतात. संध्याकाळी खडखडीत."

"म्हणजे मंगळवारी चार वाजता हा दगड होता."

"हो. म्हणून तर मला भीती वाटते, त्यांच्या घशात तो तुकडा—"

"थांब. दगडाला चावा घेऊन बघितलायस कधी?"

त्यांनी तिच्याकडून तसाच एक वाळलेला कपकेक मागून घेतला, खिशातून नमुन्याची कवळी काढली (हा माणूस खिशात रुमाल विसरेल, कवळी नाही) आणि क्रीमवर दाबली. क्रीमचा टवका उडाला. कड ओबडधोबड फुटली, पांढरा भुगा टेबलावर सांडला, दाताचा ठसा म्हणून काही उमटलाच नाही. मग दोघांनी चावलेला कपकेक पाहिला. दातांच्या कडा अशा स्वच्छ की मोजून घ्याव्यात.

"हा चावा ओल्या पुट्टीतला आहे, पोरी. सोमवारी अकरा ते एकच्या मधला. मंगळवारी फक्त सापडला."

केकवाली खुर्चीत बसली. "ट्रेमध्ये बारा जागा असतात," ती हळू आवाजात म्हणाली. "सोमवारी दुपारी मोजले तर अकराच भरले. मला वाटलं, मीच अकरा केले. हल्ली मन ठिकाणावर नसतं."

"सोमवारी घरात कोण होतं?"

"कोणी नाही. सोमवारी मावशींची सुट्टी. दादा-वहिनी मंगळवारी येतात. मी आणि अण्णा."

काका उठले. त्यांनी आतल्या खोलीत डोकावलं. अण्णा पलंगावर छताकडे बघत पडले होते. काकांना बघून म्हणाले, "तू कोण? आज कोण वार?"

"बुधवार," काका म्हणाले. "आणि मी तुझा सावकार."

अण्णांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकलं. मग त्यांनी पुन्हा छताकडे नजर लावली.

३

गुरुवारी संध्याकाळी दादा आला, वहिनी आली, आणि येतानाच संशयित ठरवून आली.

"कवळी अण्णांचीच का, ते आधी बघा," दादा म्हणाला. त्याने अण्णांना तोंड उघडायला लावून कवळी काढून घेतली आणि कपकेकच्या ठशावर धरली. "बघा. बसत नाही. ठसा लहान आहे. कुणातरी लहान तोंडाच्या माणसाचा आहे." आणि त्याने मावशींकडे बघितलं.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. गरीब बाई, सात वर्षं या घरात राबतेय. फळीवरच्या पेस्ट्र्यांसमोर उभी राहून "किती खरं दिसतंय" असं रोज म्हणते, हे सगळ्यांना माहीत. तोच आता पुरावा झाला.

"तुम्ही खोलीतून आणलात ना? घरी न्यायला?" वहिनी म्हणाली. "आणि चव बघितलीत. खरं सांगा, कोणी रागावणार नाही."

"वहिनी, तुम्ही आधीच रागावलाय," मावशी म्हणाल्या. मग त्या काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि वरचा ओठ बोटाने उचलला. समोरचा एक दात नव्हता. "आता बघा त्या कपकेकात. खिंडार कुठे आहे?"

ठशात सहाच्या सहा दात ओळीने होते. शिवाय सोमवारी मावशी घरात नव्हत्याच. काकांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. वहिनी दुसऱ्या खोलीत निघून गेली.

"मावशी," काकांनी विचारलं, "अण्णांचे ओठ कशाने पुसलेत?"

"टॉवेलने. धुवायचा राहिलाय तसाच. त्या गडबडीत कोण धुणार?"

तो त्यांनी आणून दिला. काकांनी नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. दादा कंटाळून म्हणाला, "काका, वास कसला घेताय? पुट्टी ती पुट्टी." काकांनी टॉवेल त्याच्या हातात दिला. दादानेही वास घेतला. टॉवेलला पुदिन्याचा वास येत होता. भिंतीच्या पुट्टीला काही पुदिन्याचा वास येत नाही. तो टूथपेस्टला येतो.

दादाच्या बॅगेत एक फॉर्म होता. पुलापलीकडच्या वृद्धाश्रमाचा. बहिणीची सही घ्यायला त्याने तो बाहेर काढला आणि तिने हातही लावला नाही.

"तुला कधीपासून घाई झालीय ते मला माहीत आहे दादा," ती म्हणाली. "तुला ते जडच झालेत. घरी ठेवत नाहीस, इथेही राहू देत नाहीस."

दादाने मान खाली घातली. प्रत्युत्तर दिलं नाही, आणि काकांना तेच खटकलं. हा पोरगा लहानपणापासून उलट बोलण्यात पटाईत. त्यांनी फॉर्म सरळ करायच्या निमित्ताने हातात घेतला. तारीख सहा महिन्यांपूर्वीची. आणि अक्षर? ते अक्षर त्यांनी चाळीस वर्षं पत्त्यांच्या गुणांच्या वहीत पाहिलं होतं. शेपट्या वर वळवलेल्या, एकही खाडाखोड नाही. ज्याला आज कोणता वार ते सांगता येत नाही, त्याने हा फॉर्म स्वतः भरला होता.

"हे कुणी भरलं?" काकांनी दादाला जिन्यात गाठून विचारलं.

"मी... म्हणजे त्यांच्याकडून भरून घेतला."

"तू भरून घेतलास, की त्यांनी तुझ्याकडे दिला?"

दादा पायरीकडे बघत राहिला. "काका, मी शब्द दिलाय. मला विचारू नका," तो म्हणाला आणि खाली उतरून गेला.

४

शुक्रवारचा दिवस काकांनी स्वतःच्या दुकानात काढला. गुरुवारी सकाळी केकवालीकडून ताजी पुट्टी आणून त्यांनी एक गोळा केला होता आणि ओला असताना त्यात नमुन्याची कवळी दाबली होती. आता तो वाळला होता. त्यांनी कवळी ठशावर धरली. बसेना. ठसा सगळीकडून सारखाच आकसला होता.

कुणा शिकाऊ माणसानेही हे आधी ओळखायला हवं होतं. ओलं वाळलं की आकसतं. कवळीचं प्लॅस्टिक आकसतं, मेण आकसतं, आणि ते किती आकसतं हे ध्यानात ठेवूनच तर काका आयुष्यभर साचे करत आले. लहान तोंडाचा ठसा नव्हता तो. मोठ्या तोंडाचाच होता, वाळून लहान झालेला.

मग त्यांनी भिंग काढलं. वरच्या ओळीत डाव्या बाजूचा सुळा किंचित आत वळला होता. तो त्यांनी स्वतः वळवला होता, अकरा वर्षांपूर्वी. अण्णा म्हणाले होते, "लेका, दात असे कर की कुणाला खोटे वाटू नयेत." आणि काका म्हणाले होते, "मग एक वाकडा बसवतो. ओळीत उभे असलेले दात कुणाचेच नसतात."

दात अण्णांचे, यात शंका उरली नाही. पण तोंड?

भिंगाखाली ठसा फारच नीटस होता. ओल्या क्रीममध्ये माणूस चावतो तेव्हा ओठ लागतात, जीभ लागते, क्रीम फासली जाते. इथे ओठाचा मागमूस नव्हता. नुसते दात, आणि घास उचलला होता चमच्याने, कारण मधल्या खोलगट भागात चमच्याची गोल कड स्पष्ट होती. कवळी तोंडातून काढून, हातात धरून, एखाद्या शिक्क्यासारखी दाबली होती.

काकांनी भिंग खाली ठेवलं. सोमवारी घरात दोनच माणसं होती. केकवाली काय स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार? वीस वर्षांचं काम ती स्वतःच भंगारात घालायला निघालीय, रडत रडत. राहता राहिला एक. पण का? कशासाठी एखादा धडधाकट माणूस स्वतःला वेडा ठरवून घेईल?

आणि तो घास गेला कुठे? पोटात नाही, घशात नाही, खोलीत नाही.

शनिवारी दुपारी केकवाली रिकामी खोकी आणायला बाहेर गेली तेव्हा काका अण्णांच्या खोलीत शिरले. अण्णा पलंगावर बसून पेर खात होते, कराकरा, स्वतःच्या कवळीने. काकांची नजर फळीकडे गेली. तिथे कवळी ठेवायची निळी डबी होती. काकांनी ती सहज उचलली आणि डबीत काहीतरी खडखडलं.

कवळी तर अण्णांच्या तोंडात होती.

५

डबीत कागदात गुंडाळलेला पांढरा गोळा होता. काकांनी तो अण्णांच्या पुढ्यात ठेवला.

"हा कोण? आज कोण वार?" अण्णा म्हणाले.

"पुरे," काका म्हणाले. "सोमवारी ती पिळत होती, तू शेजारी बसला होतास. मध्ये ती आंघोळीला नाहीतर फोनला उठली असेल. तू एक उचललास, इथे आणलास, कवळी काढून दाबलीस, चमच्याने घास काढलास. कपाटात वाळवलास. मंगळवारी ती बाहेर गेल्यावर ओठांना टूथपेस्ट फासलीस आणि दादाची गाडी वाजायची वाट बघत बसलास. कुणीतरी लगेच इस्पितळात न्यावं म्हणून. काही चुकलं?"

अण्णांनी पेराची फोड खाली ठेवली.

"तुला कळणार हे मला कळायला हवं होतं," ते म्हणाले. "दात तुझेच."

"हा तुकडा फेकून का दिला नाहीस?"

"कुठे फेकू? या घरात कचऱ्याची पेटीसुद्धा ती तपासते. मी चोरून काही गोड खाल्लं का ते बघायला." अण्णांचा आवाज चढला आणि त्यांनी तो लगेच खाली आणला, दारापलीकडे कुणी असल्यासारखा. "मी न्हाणीघरात गेलो की ती दारात उभी. दर दोन मिनिटांनी, अण्णा, बरे आहात ना? चहा माझ्याआधी ती पिऊन बघते. खिडकीत बसलो की शाल आणते. रागवत नाही, कंटाळत नाही, कधी चुकत नाही. चुकली असती तर मी भांडलो असतो. तिच्यात भांडायला जागाच नाही रे."

"आणि तिकडे, आश्रमात?"

"दादाने एकदा डोळे तपासायच्या निमित्ताने नेलं होतं. फाटकाबाहेर बाक आहे. चार म्हातारे बसतात, पेपरावरून भांडतात. एकाने मला विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूचे? मला कुणी असं विचारून पाच वर्षं झाली. इथे मला एवढंच विचारतात, शी झाली का."

काकांना हसू आलं.

"मग तसं सांग तिला."

"काय सांगू?" अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. डोळे भरले होते. "तिने माझ्यासाठी लग्न लांबणीवर टाकलं, ते राहूनच गेलं. बाहेरगावची कामं सोडली. तिला सांगू, पोरी, मला तुझ्याजवळ राहवत नाही? वेडा म्हणवून घ्यायला मी तयार आहे. कृतघ्न म्हणवून घ्यायला नाही. वेड्याला पाठवलं तर तिला वाईट वाटेल, पण तिचं काही चुकलं असं तरी वाटणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून पाठवलं, एवढंच."

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," काका म्हणाले. "ती तुला पाठवत नाहीये."

"म्हणजे?"

"उद्या सकाळी दहाला भंगारवाला येतोय. साचे, नोझलं, रंग, वीस वर्षांचे नमुने. सगळं जाणार. कारण डॉक्टर म्हणाले, एकतर हे हलवा नाहीतर त्यांना, आणि तिने निवड केली. यापुढे ती काही करणार नाही. चोवीस तास तुझ्याजवळ बसणार. आता खोकी आणायला गेलीय."

अण्णांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांनी पलंगाची कड धरली. हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. ज्याला काही कळत नाही असं सगळ्यांनी ठरवलंय, त्याला कोण सांगणार?

"तू सांग तिला," ते म्हणाले. "म्हण, दुसऱ्या कुणीतरी केलं. मावशींनी केलं म्हण."

"मावशींचा दात पडलाय," काका उठत म्हणाले. "आणि मी खोटे दात करतो, खोट्या साक्षी देत नाही. उद्या दहाच्या आत तू बोललास तर ठीक. नाहीतर मी बोलेन, आणि माझ्या तोंडून ते फार वाईट ऐकू येईल."

६

रविवारी साडेनऊला बैठकीतल्या फळ्या अर्ध्या मोकळ्या झाल्या होत्या. चिकटवलेल्या बशा सुटत नव्हत्या म्हणून केकवाली त्यांच्याखाली पातं घालून एकेक उचकटत होती. फळीचा रंगही सोबत निघत होता. दादा, वहिनी, मावशी भिंतीला लागून उभे होते. मदत करू का, असं विचारायची कुणाची छाती होत नव्हती.

अण्णा काठी टेकत बाहेर आले आणि तिने पातं टाकून धाव घेतली. "अण्णा, एकटे का उठलात?"

"बस," अण्णा म्हणाले.

"आधी तुम्ही बसा, शाल आणते—"

"बस म्हणतो ना."

हा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. ती बसली. अण्णा उभेच राहिले. त्यांनी दादाकडे बघितलं, दादाने मान हलवली. मग त्यांनी काकांकडे बघितलं. काका त्यांच्या दातांकडे बघत होते, सवयीने.

"आज रविवार," अण्णा म्हणाले. "परवा नाही, त्याच्या आदल्या दिवशी गुरुवार होता, आणि हा माझा सावकार नाही, उलट मीच याच्याकडून तीन डाव जिंकलोय. मला सगळं कळतं. कपकेक मीच उचलला. चावला नाही. दात दाबले."

केकवाली हसली. म्हातारा पुन्हा भरकटला असंच तिला वाटलं. तिने काकांकडे मदतीसाठी पाहिलं, आणि काकांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं. तिचं हसू तसंच ओठांवर राहिलं, आत काही नसताना.

"का?" तिने विचारलं.

अण्णांनी सांगितलं. सगळं सांगितलं, न्हाणीघराचं, कचऱ्याच्या पेटीचं, बाकाचं. फॉर्म आपणच भरला आणि दादाला गप्प बसवलं, सहा महिने त्याने बहिणीची बोलणी मुकाट्याने खाल्ली, तेही सांगितलं. मध्येच त्यांचा आवाज फुटला, पण थांबले नाहीत. वहिनीने पदर डोळ्यांना लावला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोण कुणाला बोलणार?

केकवाली ऐकत होती. तिच्या नखांत वाळलेली पुट्टी होती, ती खरवडत होती.

"किती दिवसांपासून असं वाटतंय?" तिने शेवटी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील."

"दोन वर्षं." ती म्हणाली. "आणि मी रोज झोपताना म्हणायचे, आजचा दिवस नीट गेला. अण्णांना काही कमी पडलं नाही." तिला हुंदका आला, तिने तो आवरला नाही. "मला एकदा सांगायचंत. वाईट वाटलं असतं. वाटलं असतं तर वाटलं असतं. मी काय पुट्टीची आहे, चिरा पडायला?"

"माझं चुकलं," अण्णा म्हणाले.

खाली रस्त्यावर भंगारवाल्याची हाक ऐकू आली. कुणी हललं नाही. मग मावशीच खिडकीशी गेल्या आणि त्याला जायला सांगितलं. तो काहीतरी पुटपुटत गेला. खोकी तशीच उघडी पडून राहिली. अर्ध्या पेस्ट्र्या त्यात, अर्ध्या फळीवर.

केकवालीने तोंड पुसलं. उठली, दादाच्या समोर जाऊन हात पुढे केला. दादाने फॉर्म दिला. तिने तो खिडकीत नेऊन वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि सही केली.

"मी रोज येईन भेटायला," ती म्हणाली. "सकाळी डबा घेऊन. संध्याकाळी पुन्हा."

अण्णांनी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हाताऱ्याने इथे मान डोलावली असती तर कुणाला दोष देता आला नसता. पोरगी रडवेली उभी होती, आणि हो म्हणणं फार सोपं होतं.

"रोज नको," अण्णा म्हणाले. "गुरुवारी ये."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. नकळत तिचा हात त्यांच्या खांद्यावरची शाल सारखी करायला पुढे आला, आणि तिने तो मध्येच मागे घेतला.

"किती वाजता येऊ?" तिने विचारलं.